निवासी व व्यापारी विभागांची फेरतपासणी : कामरेजच्या व्यापाऱ्यांनी जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

व्यापाऱ्याच्या घरी दरवर्षी दिवाळीस वह्या बदलतात. जुन्या खात्यांची बाकी काढावयाची, येणे-देणे तपासावयाचे, बुडीत रकमा बुडीत म्हणून लिहावयाच्या आणि नव्या वहीत खरी शिल्लक पुढे न्यावयाची, ही रीत आपल्यापैकी प्रत्येकास लहानपणापासून ठाऊक आहे. जो दुकानदार पाच-सात वर्षे बाकीच काढीत नाही, त्याची वही हळूहळू खोटी होत जाते. ती कोणी लबाडीने खोटी केलेली नसते. व्यवहार पुढे जातो आणि लेखन मागे राहते, एवढेच. शहराच्या नकाशाचेही नेमके असेच आहे. कोणत्या जागेत वस्ती असावी, कोठे दुकाने असावीत, कोठे वखारी व कारखाने असावेत, हे ठरविणारा नकाशा ही शहराची खातेवहीच होय. तिची बाकी वेळेवर काढली नाही तर काय होते आणि त्याची झळ आपल्या धंद्यास व आपल्या कुटुंबांस कशी लागते, हे सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आम्ही वकील नव्हे, नगररचनाकारही नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि उभा जन्म तूर, हरभरा व ज्वारीच्या पोत्यांमध्ये गेलेला. तथापि जागेचा प्रश्न धान्याच्या व्यापाऱ्यास जितका जाचतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणास जाचत असेल. म्हणून जे वाचले, विचारले व पाहिले, ते साध्या शब्दांत सांगत आहोत.

कामरेजची बदलती जागा

कामरेज हे तापीकाठचे जुने गाव. संस्थानी काळात बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यातील नवसारी प्रांतात ते मोडत असे आणि १९४९ साली बडोदे संस्थानाबरोबर ते मुंबई राज्यात आले. १९६० साली गुजरात राज्य निराळे झाले. भोवताली उसाची शेते, मधून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि वराछा-सरथाण्यावरून येणारा सुरतेचा रस्ता, असे या ठिकाणाचे स्थूल वर्णन करता येईल. खानदेशातून आलेल्या आपल्या मराठी भाषिक कुटुंबांना हा नाका सोयीचा वाटला, याचे कारण हेच. माल उतरविण्यास महामार्ग जवळ आणि गिऱ्हाईक म्हणून सुरतेसारखे शहर हाकेच्या अंतरावर.

ते शहर आता हाकेच्या अंतरावरही राहिले नाही. ते दारात आले आहे. १९६१ च्या शिरगणतीत सुरतेची लोकसंख्या सुमारे २ लक्ष ८८ हजार होती. १९९१ साली ती १५ लक्षांच्या घरात गेली आणि २०११ साली सुमारे ४४ लक्ष ६७ हजार भरली. पन्नास वर्षांत पंधरापट! महानगरपालिकेची हद्द २००६ साली सुमारे ११२ चौरस किलोमीटरांवरून सुमारे ३२६ चौरस किलोमीटरांवर गेली आणि २०२० साली ती पुन्हा वाढली. मुंबई-अहमदाबाद या अतिवेगवान रेल्वेमार्गावरील सुरतेचे स्थानक अंत्रोली येथे, म्हणजे आपल्याच बाजूस येत आहे. ज्या शेतात काल ऊस डोलत होता तेथे आज सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. तळमजल्यावर किराणा, औषधे व मोबाइलची दुकाने, वर बिऱ्हाडे आणि पाठीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कोणाची तरी वखार, असे दृश्य आपण रोज पाहतो. यांपैकी किती गोष्टी नकाशाशी जुळतात, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

विभाग म्हणजे काय

सुरत शहरी विकास प्राधिकरण, ज्यास सर्वजण 'सुडा' म्हणतात, ते १९७८ साली स्थापन झाले. त्यामागचा कायदा म्हणजे गुजरात नगररचना व शहरी विकास अधिनियम, १९७६. त्यापूर्वीचे कायदे म्हणजे मुंबईचे १९१५ व १९५४ सालचे नगररचना अधिनियम. या कायद्यान्वये प्राधिकरणाने संपूर्ण क्षेत्राचा विकास आराखडा करावयाचा असतो. त्यातील नकाशावर निरनिराळे रंग भरलेले दिसतात. सामान्यतः पिवळा निवासी विभागाचा, निळा व्यापारी विभागाचा, जांभळा औद्योगिक विभागाचा व हिरवा शेतीचा. कोणत्या रंगात कोणता वापर चालेल, इमारत किती उंच बांधता येईल, गाड्यांसाठी किती जागा सोडावी लागेल, याचे नियम वेगळ्या नियमावलीत असतात. गुजरातेत २०१७ पासून सर्व राज्यासाठी एक सामाईक विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यात दुकानास परवानगी मिळणे हे बरेचसे समोरील रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून ठेविले आहे, आणि किरकोळ दुकान व घाऊक साठवण यांत भेद केला आहे. हा भेद आपण लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडेल.

विकास आराखडा हा मोठा नकाशा. त्याच्या पोटात नगररचना योजना, म्हणजे आपल्या बोलण्यातली 'टी. पी. स्कीम', येते. तीत सर्वांच्या जमिनी कागदोपत्री एकत्र करून रस्ते, बागा, शाळा इत्यादींसाठी वाटा काढतात व उरलेल्या जमिनीचे सरळ आकाराचे अंतिम भूखंड पाडून ते मूळ मालकांस परत देतात. हा सार्वजनिक वाटा सर्वसाधारणपणे शेकडा चाळीसपर्यंत जातो. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहराचे महापौर फ्रांट्स आडिकेस यांनी १९०२ साली अशाच प्रकारचा कायदा आपल्या शहरासाठी करवून घेतला होता. शहराचे विभाग पाडून प्रत्येकास निराळे नियम लावण्याचा प्रयोगही त्याच शहरात १८९१ साली झाला.

ही कल्पना व्यापाऱ्यांच्या विरुद्ध आहे काय?

आपल्यापैकी अनेकांची अशी समजूत आहे की, विभागाचे नियम म्हणजे व्यापाऱ्यास छळण्याचे सरकारी साधन. इतिहास निराळे सांगतो. न्यूयॉर्क शहराने १९१६ साली विभागांचा नियम केला तेव्हा त्यासाठी सर्वांत अधिक खटपट केली ती तेथील फिफ्थ ॲव्हेन्यू या रस्त्यावरील व्यापाऱ्यांच्या संघाने. त्या रस्त्यावर मोठमोठी कापडाची व वस्त्रालंकारांची दुकाने होती. हळूहळू कपडे शिवण्याचे कारखाने त्याच रस्त्याकडे सरकू लागले. दुपारच्या सुट्टीत हजारो कामगार फुटपाथवर येत आणि दुकानांत शिरण्यास गिऱ्हाइकास वाट मिळेनाशी झाली. त्या मागणीत कामगारांविषयीचा तिरस्कारही होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु त्यावरून एवढे सिद्ध होते की, शेजारी कोणता धंदा यावा याची चिंता सरकारच्या आधी व्यापाऱ्यासच पडते. तोच नियम पुढे जुना झाला आणि न्यूयॉर्कला १९६१ साली तो मुळापासून नवा करावा लागला.

आपल्याकडील जुन्या पेठांत तर खाली पेढी व वर बिऱ्हाड हीच रीत होती. पुण्याची नाना पेठ व भवानी पेठ असो की जळगावचा दाणाबाजार असो, मालक, मुनीम व माल एकाच छपराखाली नांदत. त्या काळी बैलगाडीतून पंचवीस-तीस पोती येत. आज दहा चाकांचा ट्रक येतो. रीत वाईट नव्हती; तिचे माप बदलले. हे माप बदलले म्हणजे नियमही बदलावा लागतो, आणि तो वेळेवर बदलावा लागतो.

दहा वर्षांचा नियम आणि प्रत्यक्ष

कायद्याने हे ओळखलेले आहे. १९७६ च्या अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे विकास आराखड्याची निदान दहा वर्षांतून एकदा फेरतपासणी झाली पाहिजे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या अधिनियमात हाच काळ वीस वर्षांचा आहे. आता प्रत्यक्ष पाहा. सुडाचा पहिला आराखडा १९८६ साली मंजूर झाला आणि दुसरा २००४ साली. मध्ये अठरा वर्षे गेली. या अठरा वर्षांत सुरतेची वस्ती दुपटीहून अधिक झाली, वराछ्यात हिऱ्यांचे कारखाने घराघरांत बसले आणि यंत्रमागांचा खडखडाट गल्लीबोळांत शिरला. तिसरा आराखडा २०३५ सालाचे लक्ष्य ठेवून करण्यात आला. तोही दहा वर्षांच्या मुदतीत हाती आला नाही.

आराखडा लांबला म्हणून माणसे थांबत नाहीत. मुलगा वेगळा होतो, त्यास दुकान काढून द्यावे लागते. विधवा बहिणीस खालची खोली भाड्याने देऊन उदरनिर्वाह करावा लागतो. शिकवणीचे वर्ग निघतात, दवाखाने निघतात. निवासी रंगातल्या जागेत हळूहळू बाजार भरतो. मग तेथे तीन प्रकारची माणसे दिसू लागतात. नियम ठाऊक नसल्याने मोडणारा सरळ माणूस, ठाऊक असून मोडणारा धूर्त माणूस आणि दोघांकडेही पाहून न पाहिल्यासारखे करणारा अंमलदार. सरळ माणसास रात्री झोप लागत नाही, धूर्त माणूस श्रीमंत होतो. उशिरा झालेला नियम प्रामाणिक माणसासच गुन्हेगार करून ठेवतो, हा आमच्या मते या विषयातील सर्वांत मोठा अनर्थ होय.

पुढे सरकार दंड घेऊन जे झाले ते कायम करते. गुजरातेत अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचे कायदे २००१, २०११ व २०२२ साली झाले. याच व्यवस्थेस लोक 'इम्पॅक्ट फी' म्हणतात. एकवीस वर्षांत तीन वेळा माफी द्यावी लागते, याचा अर्थ चूक केवळ नागरिकांची नाही. वही वेळेवर बदललेली नाही. परंतु माफीचे हे पैसे भरून इमारत कागदावर शुद्ध झाली तरी जिना रुंद होत नाही आणि गच्चीवर जाण्याची वाट मोकळी होत नाही. २४ मे २०१९ रोजी आपल्याच रस्त्यावर सरथाण्यात एका व्यापारी इमारतीस आग लागली. वरच्या बेकायदा वाढविलेल्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग चालत होते. २२ जणांचा बळी गेला. त्यांत बहुतेक कोवळी मुले-मुली होती. कामरेजहून सुरतेस जाताना आपण ज्या रस्त्याने जातो, त्या रस्त्यावरची ही गोष्ट आहे. नियमाचा विषय निघाला की आम्हांस प्रथम हे आठवते. जागेचा वापर ठरविताना शेवटी प्रश्न असतो तो त्या जागेत संकट आले असता माणसे बाहेर कशी पडतील, हाच.

दिल्ली व मेरठ येथील धडा

दिल्लीचा पहिला बृहत् आराखडा १९६२ सालचा. त्याची दृष्टी १९८१ पर्यंतची. त्यानंतरचा आराखडा १९९० साली आला. दरम्यान निवासी वसाहतींत लक्षावधी दुकाने थाटली गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवासी जागांतील व्यापारी वापर बंद करण्याचा आदेश दिला आणि दुकानांना सील लागू लागले. बाजार बंद पडले, मोर्चे निघाले, गोळीबारात माणसे दगावली. सप्टेंबर २००६ मध्ये दोन हजारांहून अधिक रस्ते मिश्र अथवा व्यापारी वापराचे म्हणून जाहीर झाले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये नवा आराखडा आला. जे काम शांतपणे वीस वर्षांपूर्वी व्हावयाचे ते दुकानांना सील लागल्यावर सहा महिन्यांत झाले.

अलीकडचे उदाहरण मेरठचे. तेथील शास्त्रीनगरात निवासी भूखंडावर दुकाने बांधली गेली होती. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पाडण्याचा आदेश कायम केला. वर्षे लोटली, कोणी हरकत घेतली नाही, पैसा पुष्कळ गुंतला, ही कारणे बेकायदा बांधकामास कायदेशीर करू शकत नाहीत, असे न्यायालयाने बजावले. पूर्णत्वाच्या दाखल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये, बँकांनीही तो दाखला पाहूनच कर्ज द्यावे, अशा सूचनाही त्या निकालात आहेत. 'इतकी वर्षे चालले, पुढेही चालेल' या भरवशावर पेढी ठेवण्याचे दिवस संपले, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

आपल्या धंद्याविषयी स्पष्ट बोलावे

मग नियम कसा असावा? आमचे मत असे की 'व्यापार' या एका शब्दाने सर्व धंदे मोजू नयेत. शेजाऱ्यास त्या धंद्याचा आवाज किती, धूळ किती, धोका किती आणि त्यासाठी गाड्या किती येतात, यावरून धंदा मोजावा. जपानमध्ये विभागांचे तेरा प्रकार आहेत. त्यांतील सर्वांत शांत निवासी विभागातही राहत्या घरात छोटे दुकान चालविण्यास मुभा आहे. मात्र दुकानाची जागा ५० चौरस मीटरांपेक्षा, म्हणजे सुमारे ५४० चौरस फुटांपेक्षा, अधिक नसावी आणि घराच्या निम्म्याहून कमी असावी. दूध, भाजी, वाणसामान, औषधे ही दारात मिळाली तर वृद्धांची व गृहिणींची सोय होते. अशा दुकानास निवासी विभागातून हाकलणे हा शहाणपणा नव्हे.

परंतु हाच न्याय आम्ही आमच्या घाऊक धान्याच्या धंद्यास लावा असे म्हणणार नाही, आणि हे आम्ही स्वतः त्या धंद्यात असूनच सांगतो. धान्य ही सात्त्विक वस्तू आहे, तिचा कोणास काय त्रास, असे आपल्यात बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. पोती उतरताना भुसा उडतो. दम्याच्या रोग्यास तो सोसत नाही. पहाटे चारला ट्रक लागतो, फळकुटे आपटतात, हमालांची हाकाटी होते. याहून गंभीर गोष्ट धुरीची. थप्प्यांना कीड लागू नये म्हणून ताडपत्रीखाली ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फिन हा अत्यंत विषारी वायू निघतो. भिंतीच्या फटीतून, नळाच्या भोकातून, जिन्यातून तो शेजारच्या खोलीत जाऊ शकतो आणि झोपलेल्या माणसाचा प्राण घेऊ शकतो. म्हणूनच या औषधाची विक्री व वापर सरकारी यंत्रणा व मान्यताप्राप्त तज्ज्ञ यांच्यापुरताच मर्यादित ठेविलेला आहे. तरीही वर बिऱ्हाडे असलेल्या तळघरात पोती ठेवून गोळ्या टाकणारे लोक आहेत. ज्या घरात माणसे निजतात त्याच्या खाली किंवा लगत धुरी देण्याची वखार असू नये, ही मागणी सरकारने करण्याआधी आपण करावी. जीवदयेचा उच्चार करणाऱ्या समाजास ती शोभेल.

म्हणून नव्या नियमांत तीन पायऱ्या स्पष्ट असाव्यात. घरगुती व किरकोळ दुकाने निवासी विभागात मर्यादित मापाने चालावीत. मोठी दुकाने, कचेऱ्या, दवाखाने व शिकवण्या रुंद रस्त्यांवर, पुरेसे जिने व गाड्यांची जागा असेल तेथेच असाव्यात. घाऊक गोदामे मात्र महामार्गालगत, स्वतंत्र व्यापारी पट्ट्यात न्यावीत.

बाजार हुकुमाने हलत नाही

'गोदामे बाहेर न्यावीत' असे लिहिणे सोपे आहे. ते घडविणे किती अवघड, हे मुंबईस विचारावे. मस्जिद बंदरच्या दाणाबंदरातील घाऊक धान्यबाजार वाशीस नेण्याची योजना पुष्कळ वर्षे चर्चेत होती. विरोध झाला, वाद कज्ज्यांपर्यंत गेले आणि अखेर नव्वदच्या दशकाच्या आरंभी बाजार तेथे गेला. तो टिकला, कारण ट्रक वळण्याइतके रस्ते, गाळे व माल चढविण्या-उतरविण्याचे ओटे तेथे बांधलेले होते, आणि आसपास नवी वस्तीही उभी राहत होती. जुन्या जागेची ओळख व्यापाऱ्यांनी सोडली नाही. वाशीतही त्या बाजारास दाणाबंदर हेच नाव आहे.

सुरतेचे ताजे उदाहरण हिरे बाजाराचे. खजोद येथे सुमारे ६७ लक्ष चौरस फुटांचे, साडेचार हजारांच्या आसपास कचेऱ्यांचे भव्य संकुल उभे राहिले आणि १७ डिसेंबर २०२३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तथापि महिधरपुरा व वराछा येथील जुने बाजार त्यामुळे ओस पडले नाहीत. व्यापार म्हणजे नुसती इमारत नव्हे. दलाल, कारागीर, आंगडिया, चहावाला व जिभेवर चालणारा विश्वास हे सारे एकत्र असले म्हणजे बाजार होतो. तेव्हा कामरेजजवळ घाऊक पट्टा ठरविताना आधी रस्ता, वजनकाटा, बँक, हमालांसाठी सावली व शौचालय, आणि मगच स्थलांतराची तारीख, असा क्रम असला पाहिजे. हे प्राधिकरणास आपण सांगितले नाही तर दुसरे कोण सांगणार?

सभासदांनी काय करावे

पहिली गोष्ट, आपली जागा कोणत्या विभागात आहे हे लेखी समजून घ्यावे. प्राधिकरणाच्या कचेरीतून सर्व्हे नंबर किंवा अंतिम भूखंड क्रमांक देऊन झोनचा दाखला व भाग नकाशा मिळतो. दलालाच्या तोंडी हवाल्यावर जागा घेऊ नये.

दुसरी गोष्ट, निरनिराळ्या परवानग्यांची गल्लत करू नये. जिल्हाधिकाऱ्यांची बिनशेती परवानगी ही जमीन महसुलाच्या कायद्याखालची, विभाग हा विकास आराखड्याचा, बांधकामाची परवानगी व इमारत वापराचा दाखला हे तिसरे प्रकरण. गुमास्ता परवाना, वस्तू व सेवा कराचा क्रमांक किंवा बाजार समितीचा परवाना यांवरून जागेचा व्यापारी वापर कायदेशीर ठरत नाही. आमच्या पाहण्यातील एका गृहस्थाने पाच परवाने चौकटीत लावून भिंतीवर टांगले होते. वापराचा दाखला तेवढा नव्हता. कर्ज नामंजूर झाले तेव्हा ही गोष्ट त्यास प्रथमच कळली.

तिसरी गोष्ट हरकतींच्या मुदतीची. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून दोन महिन्यांत कोणाही नागरिकास हरकती व सूचना देता येतात. मंजूर आराखड्यात सरकारला पुढे बदल करावयाचा असेल तेव्हाही दोन महिन्यांची सूचना द्यावी लागते. या दोन महिन्यांत आपण लग्नसराईत किंवा हंगामात गुंतलेले असतो आणि दहा-अठरा वर्षांची संधी निघून जाते. हरकत साध्या कागदावर, सर्व्हे नंबर, नकाशा व कारण यांसह द्यावी आणि पोहोच घ्यावी. 'आमचे नुकसान होईल' एवढ्याने भागत नाही. या रस्त्याची रुंदी किती, येथे आज दुकाने किती, ती केव्हापासून, जवळची पर्यायी जागा कोणती, हे मोजून लिहिले तर ते वाचले जाते.

चौथी गोष्ट आरक्षणाची. आपल्या जमिनीवर शाळा, बाग अथवा रस्ता यांचे आरक्षण पडले आणि दहा वर्षांत ती संपादन झाली नाही, तर कलम २० प्रमाणे मालकास नोटीस देता येते. नोटिशीनंतर सहा महिन्यांतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण संपुष्टात येते. ही नोटीस आपणहून द्यावी लागते. घरी बसून हक्क मिळत नाही.

पाचवी गोष्ट घरच्या मंडळींसाठी. खालच्या गाळ्याचे भाडे घेण्याआधी भाडेकरू त्या जागेत काय ठेवणार आहे, हे विचारावे. रसायने, फटाके, स्वयंपाकाच्या गॅसची सिलिंडरे यांचा साठा किंवा धुरीची वखार असेल तर दुप्पट भाडे मिळाले तरी नकार द्यावा. मुलांच्या शिकवणीचा वर्ग निवडताना शिक्षकाच्या कीर्तीबरोबर दुसरा जिना आहे की नाही, हेही पाहावे. ही पाहणी करण्यास कोणताही दाखला लागत नाही.

एक सूचना

शेवटी आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. मंडळाच्या कचेरीत कामरेज व भोवतालच्या गावांचा मंजूर विकास आराखडा व नगररचना योजनांचे नकाशे सभासदांस पाहण्यासाठी कायम ठेवावेत. तिघांची एक लहान समिती नेमावी. त्यांत एक घाऊक व्यापारी, एक किरकोळ दुकानदार व एक गृहिणी असावी, कारण या तिघांची गरज एकसारखी नाही. गृहिणीस या समितीत का घेतले, असे कोणी विचारील. दुकानाच्या वरच्या मजल्यावर दिवसभर तीच असते. धूळ, आवाज व वास यांचा अनुभव तिच्याइतका मालकासही नसतो. समितीने वर्षातून एकदा, दिवाळीच्या वह्यांबरोबरच म्हणा, आपल्या भागातील रस्त्यांची व वापराची मोजणी करून नोंद ठेवावी. पुढील फेरतपासणीची जाहिरात निघेल त्या दिवशी आपल्यापाशी दहा वर्षांचा हिशेब तयार असेल. हिशेब तयार असलेल्या माणसाचे म्हणणे कचेरीत ऐकून घेतले जाते, हा अनुभव आपणां सर्वांस कर भरताना आलेलाच आहे. नगररचनेच्या कचेरीतही तो येईल, अशी आमची खात्री आहे.